९० व्या मिनिटाला हरलेला फॅन सप्टेंबरमध्ये पुन्हा का येतो?

गेल्या व्हिडिओत मी सीझनल मालाबद्दल बोललो होतो. त्यात एफसी गोवाच्या फॅन्सचा विषय दोन मिनिटांत उरकला, आणि नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की सर, त्या टी-शर्टवाल्या मुलाचं पुढे काय झालं? ते सगळं व्हिडिओत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फुटबॉल बघत नसाल तरी वाचा. नियम समजायची गरज नाही. बॉल जाळीत गेला की गोल, एवढं पुरतं.

आधी जखम काय आहे ते समजून घ्या. मडगावजवळ फातोर्ड्याला नेहरू स्टेडियम आहे, एफसी गोवाचं घरचं मैदान. तारीख २४ एप्रिल २०२४. इंडियन सुपर लीगची सेमीफायनल, पहिला लेग, समोर मुंबई सिटी. १६ व्या मिनिटाला बोरिस सिंगचा गोल, ५६ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसचा. गोवा २-०. ८९ मिनिटं संपली तेव्हाही २-०. लोक फायनलच्या गप्पा मारायला लागलेले. आणि मग ९० व्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेने एक मारला, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने दुसरा, आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला परत छांगते. २-३. सात मिनिटांत सगळं साफ. २९ तारखेला मुंबईत दुसरा लेग झाला, तोही मुंबईने २-० ने घेतला. लीगमध्ये ४५ पॉइंट काढून तिसऱ्या नंबरवर आलेली टीम, आणि सीझन असा संपला.

बाहेरचा माणूस म्हणेल, एक मॅच हरले, त्यात काय? पण गोव्याच्या फॅनच्या डोक्यात ही एक मॅच नसते. २० डिसेंबर २०१५, हेच फातोर्डा, आयएसएलची फायनल, कोच साक्षात झिको. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोवा २-१ पुढे गेला, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत स्वतःच्याच गोलकीपरकडून झालेला ओन गोल आणि मग मेंडोझा. चेन्नईयिन ३-२. त्यानंतर मार्च २०१९, मुंबईत फायनल, एक्स्ट्रा टाइम, ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेचं हेडर. ०-१. म्हणजे २०२४ ला छांगतेने मारलेला तिसरा गोल हा फॅनच्या हिशोबात वेगळाच असतो. जुनं उधार आणि त्यावरचं व्याज धरून तो आकडा असतो.

आता तुम्ही म्हणाल, सर, आपण धंदा शिकायला आलोय. थांबा, तिथेच येतोय.

माझं दुकान सावंतवाडीत. स्पोर्ट्सचं सामान, ट्रॉफी, थोडं प्रिंटिंगचं काम. आमच्याकडे खरं राज्य टेनिस बॉल क्रिकेटचं. पण बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग, ही जी गोव्याच्या हद्दीला चिकटलेली गावं आहेत, तिथली पोरं कामाला गोव्यात, सोयरीक गोव्यात, आणि टीमही गोव्याचीच. मॅच असली की बाइकवर डबल सीट बसून फातोर्ड्याला जाणारी पोरं मी ओळखतो. हे माझे ग्राहक. त्यामुळे अशी मॅच झाली की दुसऱ्या दिवशी तिचा परिणाम माझ्या काउंटरवर दिसतो.

आणि दिसतं काय? पहिली गोष्ट म्हणजे भाषा बदलते. २३ एप्रिलला हीच पोरं म्हणत होती, "आपण फायनलला." "आपली डिफेन्स टाइट आहे." २५ तारखेला सकाळी तीच पोरं, त्याच काउंटरवर, "त्यांनी शेवटी मार्किंग सोडलं." "त्यांना लीड सांभाळता येत नाही." आपण गेलं, ते आलं. एका रात्रीत!

हे फक्त आपल्याकडचं नाही. रॉबर्ट सियाल्डिनी हे नाव बिझनेसवाल्यांना माहीत असतं, 'इन्फ्लुएन्स' या पुस्तकामुळे. पण त्या पुस्तकाच्या आधी, १९७६ साली, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला होता. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत त्यांनी सोमवारी वर्गात बसून नुसतं मोजलं, किती मुलं आपल्या विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून आलीत. शनिवारी टीम जिंकली असेल तर त्या सोमवारी असे कपडे जास्त दिसायचे. (त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात बॉल घेऊन पळायचा. पण फॅन सगळीकडे सारखाच.) मग फोन करून मुलांना मॅचचा निकाल विचारला, तर जिंकलेल्या मॅचला "आम्ही" जास्त, हरलेल्या मॅचला कमी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. फोनवर आधी एक छोटी प्रश्नमंजुषा घ्यायचे आणि काही मुलांना सांगायचे, तुमचा स्कोअर खराब आला. ज्यांना असं सांगितलं, त्यांच्यात हा "आम्ही"चा फरक जास्त ठळक दिसला. स्वतः आपटलेला माणूस जिंकणाऱ्याला जास्त घट्ट धरतो.

हे वाक्य दुकानदाराने नीट वाचावं. जो ग्राहक तुमच्याकडे नारिंगी टी-शर्ट घ्यायला येतो, तो कापड घेत नाहीये. तो "आम्ही" विकत घेतोय. टीम हरली की कापड तेच राहतं, पण त्यातलं "आम्ही" निघून जातं. मग २५० ला विकला जाणारा माल १०० लाही कोणी बघत नाही.

आता त्या मुलाची गोष्ट. बांद्याचा मुलगा, माझ्या बॅचमधला, वय २३. नाव नको, त्याला आवडणार नाही. मार्च २०२४ मध्ये आला आणि म्हणाला, "सर, गोवा यंदा सेमीला नक्की. टी-शर्ट करूया म्हणतोय." पैसे कुठून? आईच्या बचत गटातून १५,००० कर्ज, महिना २ टक्के. स्वतःचे ५,५००. मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, क्लबचा लोगो छापायचा नाही. ते ट्रेडमार्क असतं, परवानगी लागते, आणि अधिकृत जर्सी विकणारे वेगळे असतात. तू प्लेन नारिंगी कर, वर आपल्या बोलीतलं एखादं वाक्य टाक. दोन, सगळा माल आज छापू नकोस.

तिरुपूरहून १५० पीस आले, गाडीभाडं धरून ११० ला एक. त्यातले १०० छापले, ४० रुपये छपाई. ५० प्लेनच ठेवले. एकूण खर्च २०,५००. सेमीफायनलच्या दिवसापर्यंत ६४ गेले, २५० च्या भावाने. १६,००० गल्ल्यात. पोरगा हवेत होता. फायनलसाठी अजून १०० ची ऑर्डर द्यायची का, असं त्याने त्या दिवशी दुपारी मला विचारलं होतं. मी म्हटलं, रात्री मॅच झाल्यावर बोलू.

रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, बुडालो."

मी काही समजूत घातली नाही. कागद काढला आणि म्हटलं, लिही. गेले किती? २०,५००. आले किती? १६,०००. म्हणजे अजून बाहेर किती? ४,५००. आणि घरात माल किती? ३६ छापलेले, ५० प्लेन. त्याची खरेदी-छपाईची किंमत १०,९००. अरे, मग बुडालास कुठे? दुःख २०,५०० चं करतोयस, आणि खड्डा ४,५०० चा आहे, तोही मालाने भरलेला!

तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, आपण जिंकत होतो."

बघा, हे वाक्य फॅनचंही आहे आणि दुकानदाराचंही. शेवटी झालेली हार जास्त का लागते, याचं एक उत्तर डॅनियल काहनेमान यांच्या कामात सापडतं. त्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग छापला. एकदा ६० सेकंद हात गार पाण्यात बुडवायचा. दुसऱ्यांदा तेवढेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या ३० सेकंदांत पाणी किंचित कोमट होत जाणार. मग विचारलं, तिसऱ्यांदा यातलं कुठलं करशील? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा. म्हणजे आपलं मन बेरीज करत नाही, सर्वात टोकाचा क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवतं. गोव्याने त्या मॅचमध्ये ८९ मिनिटं चांगली काढली, ती कुणालाच आठवत नाहीत. आमच्याकडे आंबावाल्यांचं तेच होतं. अख्खा सीझन बरा जातो, मे महिन्यात शेवटच्या तोडीला अवकाळी पाऊस येतो, आणि माणूस पुढे वर्षभर सांगतो, यंदा काही मिळालं नाही. वही उघडून बघितली तर मिळालेलं असतं.

म्हणून मी माझ्या बॅचला सांगतो, हरलेल्या रात्री निर्णय घेऊ नका, पण हिशोब त्याच आठवड्यात लिहून काढा. त्या पोराने १६,००० मधून आईच्या गटाचे १५,००० मुद्दल आणि एका महिन्याचं ३०० व्याज लगेच भरून टाकलं. हातात ७०० रुपये आणि ८६ टी-शर्ट. घरात मात्र वातावरण निवळलं, कारण गटाच्या मीटिंगला आईला मान खाली घालून बसावं लागलं नाही. बचत गटाचे पैसे घेतलेल्यांना याचा अर्थ कळेल.

मग त्याला आयडिया सुचली. ६४ गिऱ्हाइकांचे नंबर त्याने वहीत लिहून घेतले होते, ते चांगलंच केलं होतं. आता सगळ्यांना मेसेज टाकतो म्हणाला, "स्टॉक क्लिअरन्स, ५० टक्के सूट." मी थांबवला. ज्याने परवाच २५० देऊन शर्ट घेतला, जो तो घालून फातोर्ड्याला गेला आणि रात्री रडत परत आला, त्याला तू आज सांगणार की तुझा शर्ट आता १२५ चा आहे? हार त्याची झालीये, आणि वर तू भाव पाडणार? त्या दिवशी त्याला काही विकायचं नाही. दुकानात आला तर बसव, चहा सांग, त्याला बोलू दे.

बोलणं हा फॅनचा मोठा उपाय आहे, हे मी काउंटरच्या मागून बघितलंय. २५ तारखेला दिवसभरात माझ्याकडे दहा-बारा जण आले असतील, एकानेही काही घेतलं नाही. यायचे, बॅट हातात घ्यायचे, ठेवायचे, आणि "तिसरा गोल कसा झाला" यावर अर्धा तास. कुणी रेफ्रीला शिव्या, कुणी बदली खेळाडू उशिरा आणला म्हणून कोचला. एक जण म्हणाला, "काल काय झाला ता इचारू नको," आणि मग स्वतःच पाऊण तास सांगत बसला. माझ्या दुकानातली पोरं वैतागली. पण हीच माणसं जूनमध्ये शाळेच्या शूजला माझ्याकडेच येतात, समोरच्या मोठ्या शोरूममध्ये नाही. त्याचा हिशोब मी अजून कागदावर मांडलेला नाही, मांडायची गरजही वाटत नाही.

त्याच दिवशी आरोंद्याचे एक काका आले होते, साठी उलटलेले. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टीम हारली म्हणान काय झाला? टीम आसा मरे. आमची तर टीमच गेली." ते धेंपोचे जुने फॅन. आजच्या पोरांना माहीत नसेल, पण नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून धेंपोने पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलंय, शेवटचं २०११-१२ ला. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, हेही गोव्याचेच चॅम्पियन. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. काकांसाठी त्या वर्षी हरण्याचाही प्रश्न उरला नाही. देशपातळीवर बघायला जायला आपला क्लबच नव्हता. पोरं जरा शांत झाली त्यानंतर.

आता दुसरी बाजू, कारण निम्मी पोरं मुंबईला असतात आणि तिकडे निळी जर्सी घालतात. मुंबई सिटीच्या फॅन्सचं त्या एप्रिलमध्ये काय झालं बघा. १५ एप्रिलला लीगची शेवटची मॅच, कोलकात्याला सॉल्ट लेकवर, मोहन बागानशी. मुंबईला नुसता ड्रॉ पुरत होता, शील्ड त्यांचंच. हरले १-२. मोहन बागान ४८ पॉइंट, मुंबई ४७. एका पॉइंटने शील्ड गेलं, तेही शेवटच्या दिवशी. नऊ दिवसांनी फातोर्ड्याला परत ०-२ मागे. मुंबईतले कितीतरी जण ८० व्या मिनिटाला टीव्ही बंद करून झोपले होते, त्यातला एक माझा मावसभाऊ. सकाळी उठून स्कोअर बघितला तर विश्वास बसेना! आणि ४ मेला त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानला, आधी एक गोल खाऊन, ३-१ ने हरवून कप उचलला. ज्याने १५ एप्रिलला जर्सी कपाटात टाकली, त्याने २० दिवसांत ती परत काढली. मावसभाऊ आजही सांगतो की त्याने मॅच लाइव्ह बघितली. आम्ही काही बोलत नाही.

पण सगळे फॅन जर्सी कपाटात टाकत नाहीत. डॅनियल वॅन आणि नायला ब्रान्सकम्ब यांनी १९९० मध्ये कट्टर आणि हौशी फॅन्सवर अभ्यास केला होता. हौशी फॅन हरल्यावर अंतर ठेवतो. ज्याची ओळखच टीममध्ये गुंतलीये, तो तसं सहज करू शकत नाही, आणि करतही नाही. बांद्याच्या पोराला हे पुस्तक न वाचता कळलं. हरल्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या लेगच्या आधी, दोन भाऊ आले आणि पूर्ण २५० देऊन दोन शर्ट घेऊन गेले. कशाला रे आता, असं त्याने विचारलं तर मोठा भाऊ म्हणाला, "मंगता तेव्हा घालूचा, असा थोडाच आसता." पोराने त्या दोघांच्या नावापुढे वहीत तांबड्या पेनाने खूण केली. मला विचाराल तर त्या सीझनमधली त्याची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे ती वही. ६४ पैकी कोण मॅच जिंकल्यावर येणारा आणि कोण कधीही येणारा, हे वेगळं करता आलं तर पुढच्या वर्षी किती माल भरायचा याचा अर्धा निर्णय झालाच.

पुढचं भराभर सांगतो. ५० प्लेन पीसपैकी ४५ गणपतीत गेले. एका मंडळाला नारिंगी रंग चालला, शेड थोडी वेगळी होती, पण मंडळाचं नाव छापून २१० ला दिले. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, ऑर्डर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. सगळे १५० आधीच छापले असते तर हे झालं नसतं. १३ सप्टेंबरला नवा सीझन सुरू झाला, त्या सकाळी त्याने वहीतल्या सगळ्यांना एकच मेसेज टाकला: नवीन सीझनच्या शुभेच्छा, शर्ट शिल्लक आहेत, भाव तोच. छापलेल्या ३६ मधले एप्रिल २०२५ पर्यंत २७ गेले, ते दोन भाऊ धरून. एकूण विक्री ३२,२००. मंडळाची छपाई आणि व्याज धरून खर्च २२,६००. ९,६०० उरले आणि १४ पीस शिल्लक. वर्षभराच्या मानाने मोठी रक्कम नाही, पण "बुडालो"च्या मानाने बरीच आहे.

आणि मग २०२५. परत सेमीफायनल, समोर बेंगळुरू. पहिला लेग तिकडे ०-२. ६ एप्रिलला फातोर्ड्याला गोव्याने ८८ व्या मिनिटाला दुसरा गोल करून एकूण हिशोब २-२ बरोबरीत आणला. स्टेडियम पेटलं. आणि इंज्युरी टाइममध्ये सुनील छेत्रीचं हेडर. खलास! परत तेच मैदान, परत ९० मिनिटांनंतर.

त्या रात्री मात्र फोन आला. मी उचलला तर पहिलं वाक्य, "सर, ६० च आणलेत यंदा, आणि छापलेत फक्त २०." विकले गेलेले १४. आवाज पडलेला होता, फॅन म्हणून. दुकानदार म्हणून तो ठीक होता. मेसेज कुणालाच टाकला नाही त्याने, मला विचारलंही नाही.

एक महिनाही झाला नाही, आणि ३ मेला भुवनेश्वरला गोव्याने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप घेतला. शनिवारची रात्र. रविवारी सकाळी सात वाजल्यापासून त्याचा फोन वाजत होता, आणि परत सगळे "आपण जिंकलो" वर आले होते. आठवड्यात ३१ शर्ट गेले. त्यातले ६ सोडले तर बाकी सगळे ऑर्डर घेऊन छापले. तेव्हा १५ प्लेन शिल्लक होते, मागच्या वर्षीचे १४ वेगळे, बहुतेक डबल एक्सएल. सुपर कपमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग टूची पात्रता फेरी होती आणि त्याच महिन्यात गणपती. दोन्हीसाठी मिळून किती पीस मागवायचे, यावर आमची एका रविवारी बैठक ठरली. तो म्हणत होता ८०, मी म्हणत होतो ५०. वही तो घेऊन येणार होता.